उतार चाकाला कळतो

भोयेसर गाडी कुठंही उभी करोत, आधी खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावत. अगदी शाळेच्या सपाट पटांगणातसुद्धा. दगड शोधत ते फिरत नसत. तो गाडीतच असे, मागच्या सीटखाली, गोणपाटात गुंडाळलेला. जामसरच्या त्यांच्या शेताच्या बांधावरून आणलेला, एका अंगानं निमुळता. मोखाड्याच्या बाजारात लोक हसायचे. "सर, इथं कुठं आला उतार?" सर पायानं दगड नीट सरकवत आणि मान वर न करता म्हणत, "उतार डोळ्याला नाय कळत. चाकाला कळतो."

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मला मोखाडा सोडून बरीच वर्षं झाली होती. जामसरला, स्वतःच्या घरात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत, एवढंच त्यांच्या पुतण्यानं सांगितलं. फोन ठेवून मी मुलीला म्हटलं, "भोयेसर गेले." तिनं विचारलं, "कोण भोयेसर?" तिचं काही चुकलं नाही. तिनं त्यांना पाहिलंच नव्हतं. त्या संध्याकाळी तिला जे सांगितलं, तेच इथं लिहिते आहे.

मी साताऱ्याकडची. नव्वदच्या दशकात माझी नेमणूक मोखाडा तालुक्यात पोशेऱ्याच्या शाळेवर झाली. तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. ठाणे म्हणजे मुंबईला लागून, म्हणून घरचे खूश झाले. एसटी घाटामागून घाट चढत मोखाड्याला पोचली तेव्हा माझा चेहरा पडला असणार. स्टँडवर एक काळासावळा, बारीक अंगाचा माणूस पुढं आला. "शिंदेबाई ना? मी भोये. तुमच्याच शाळेवर आहे." मी नको नको म्हणेपर्यंत माझी ट्रंक त्यांच्या खांद्यावर गेली होती. वाटेत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त मोखाड्यातल्या त्यांच्या घराला लागून असलेल्या खोलीपाशी ट्रंक उतरवून म्हणाले, "रडायचा असंल तर आज रडून घ्या. उद्यापास्नं पोरं तुमच्याकडं बघतील."

ती खोली मी भाड्यानं घेतली. त्यांचा आणि माझा ओटा एकच. म्हणून पुढची सगळी वर्षं त्यांच्या घरातलं बोलणं, खोकणं, भांड्यांचा आवाज, भांडणं, सारं मला ऐकू येत राहिलं.

जामसरच्या त्यांच्या पाड्यात मास्तर झालेले ते पहिलेच. शाळेत ते प्रमाण मराठी शिकवत. स्वतः मात्र बोलताना "बरा झाला", "काम झाला" असंच बोलत आणि त्याची त्यांना लाज नव्हती. पहिलीतलं पोर महिनामहिना तोंड उघडत नसे, कारण घरची भाषा वेगळी. मी चिडायचे. सर म्हणायचे, "बाई, नागली पेरली की रोज उकरून बघत नाय कुणी. उगवंल तवा उगवंल." आणि खरंच, दिवाळीनंतर कधीतरी तेच पोर पाढे म्हणत असे. तेव्हा सर माझ्याकडं बघून नुसत्या भुवया उडवत.

त्यांची बायको जनी. तिला मी वहिनी म्हणायचे. ठेंगणी, ठसठशीत, जिभेला धार असलेली बाई. मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल दोघंही कधी बोलत नसत. ती नवऱ्याला "मास्तर" म्हणे, तेही अशा सुरात की मास्तर ही पदवी आहे की चेष्टा, हे कळू नये. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यापुढं नागलीची, म्हणजे आमच्याकडच्या नाचणीची, भाकरी ठेवली होती. ती काळपट भाकरी मोडताना माझा हात अडखळला, तशी ती खो-खो हसली. "खा वो बाई. रंगावर नका जाऊ. मी बी रंगावर नाय गेले, म्हणून तर मास्तर पदरात पडला."

मला तिथं दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा वहिनींचे पाय सुजायला लागले. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग चेहरा सुजला, अन्न नकोसं झालं. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा नाशिकला डायलिसिस. वहिनी त्याला "रगत धुणं" म्हणे. "कपडे धुवायला नदी पुरते, माझ्या रगताला नाशिक लागतं," असं ती शेजारणींना सांगायची आणि शेजारणी हसावं की नाही अशा उभ्या राहायच्या.

सुरुवातीला ते एसटीनं जात. जाताना ठीक, येताना तिचे हाल व्हायचे. उलट्या, चक्कर, आणि मोखाड्यापर्यंत ती वळणं. एकदा उभ्या गर्दीत ती बेशुद्ध पडली. त्यानंतर महिन्याभरात सरांनी नाशिकच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी विकत घेतली. तोवर त्यांनी सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं. ते शिकले, परवाना काढला. पोशेऱ्याची पोरं त्या गाडीला "बगळा" म्हणायची. पुढच्या डाव्या सीटवर वहिनींसाठी उशी, पायाशी पत्र्याचं टमरेल, आणि मागं तो दगड. कुणी विचारलं, "वहिनी कशा आहेत?" तर सर म्हणत, "आहे. आज आहे." त्यापुढं विचारायची सोय नसे.

फाल्गुनातली गोष्ट. नाशिकहून परतले, वहिनींना आत निजवलं आणि सर ओट्याच्या कडेला येऊन बसले. ते दोन्ही हातांनी पोटऱ्या चोळत होते. मी पाणी दिलं.

"तोरंगणच्या घाटात ब्रेक दगड झाला," ते हळू आवाजात म्हणाले. "दाबतो तर दबत नाय. दोन्ही पाय देऊन उभाच राहिलो. समोरनं ट्रक येत होता. गाडी थांबली, पण कशी, ते माझा मलाच ठाऊक."

"वहिनींना कळलं?"

"तिनं डोळे मिटलेले होते. नाय कळला असंल."

आतून आवाज आला, "कळला मास्तर. डोळे उगीच नाय मिटले."

दुसऱ्या दिवशी जव्हारचा रफिक मिस्त्री येऊन बघून गेला. इंजिन चालू करून त्यानं सरांना ब्रेक दाबायला लावला, बॉनेटशी कान नेला आणि मला म्हणाला, "सुनो, बाई." आतून सापानं फुत्कारावं तसा 'सुस्स' आवाज येत होता. ब्रेकला जोडलेला एक मोठा काळा गोल डबा त्यानं दाखवला. बूस्टर. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीच्या जोरावर हा डबा माणसाच्या पायाला हातभार लावतो. आतला रबरी पडदा वयानं फाटला होता. हातभार गेला, आता सगळा जोर एकट्या पायाचा. "सपाटीला चालेल, सर. पण घाट उतरू नका," तो म्हणाला. "नवा डबा नाशिकला मिळेल. पण मी आज रात्री लग्नाला वापीला निघतो. आलो की बसवतो."

पण वहिनींची पुढची पाळी त्याच्या आधी होती. आणि ते दिवस बोहाड्याचे. गावोगाव सोंगं नाचायची. मुखवटे, माणसं, पाहुणे वाहून नेण्यात तालुक्यातल्या झाडून साऱ्या जीपा गुंतलेल्या. सर तीन-चार जीपवाल्यांकडं जाऊन आले. कुणी उद्धटपणे नाही म्हटलं नाही, पण मोकळं कुणीच नव्हतं. एसटीचं नाव काढलं तेव्हा वहिनींनी भिंतीकडं तोंड केलं.

मग सर एसटीनं एकटेच नाशिकला गेले आणि मांडीवर नव्या बूस्टरचं खोकं घेऊन संध्याकाळी परत आले. रफिक वापीला निघण्याआधीच त्यांनी त्याला गाठून सगळं विचारून घेतलं होतं. रविवारी सकाळी त्यांनी गाडी अंगणात ढकलत आणून चाकाला दगड लावला, पाने-पक्कड गोणपाटावर मांडले आणि शर्ट काढून बनियनवर उभे राहिले. मला वाटलं, पूजेला बसताहेत.

वहिनींनी ओट्यावर खुर्ची मागवून घेतली. अंगावर शाल, पाय एका पाटावर. "मास्तर, तुमी कधी सायकलचा पंक्चर काढला नाय," ती म्हणाली. "माझा मरण तुमच्या हातानं लिहिलेला असंल तर तसा सांगा, नवं लुगडं नेसते."

"गप बस, जने."

"गपच आहे. बघते नुसती."

बॉनेटखालचं काम तसं सरळ होतं. इंजिनातून येणारी रबरी नळी त्यांनी बूस्टरवरून उपटली. त्याच्या पुढं ब्रेकच्या तेलाचा सिलिंडर दोन नटांवर बसलेला. रफिकनं बजावलं होतं, "नळ्या खोलना मत, सर, हवा घुसेल." म्हणून नट काढून सरांनी तो सिलिंडर नळ्यांसकट हलक्या हातानं पुढं ओढला आणि सुतळीनं बाजूला बांधून ठेवला. खरी अडचण गाडीच्या आत होती. बूस्टरचे चार नट पायडलच्या वर, अंधाऱ्या बोळकांडीत. सर सीटवर पाठ टेकून, डोकं खाली, पाय दाराबाहेर, असे आत शिरले. पायडलची पिन निघाली. तीन नट निघाले. चौथ्यापर्यंत त्यांचा हात जाईना. बोटं सोलवटली. त्या नटाला त्यांनी त्यांच्या बोलीत जी शिवी दिली, ती मी पुढं कधी शाळेत ऐकली असती तर पोराला उभं केलं असतं.

"सर, मी बघू?" मी म्हटलं. "माझा हात लहान आहे."

ते बाहेर आले, माझ्याकडं पाहिलं, आणि पाना माझ्या हातात दिला. मी ओढणी कमरेला बांधली आणि उलटी होऊन आत शिरले. ओट्यावरून वहिनी ओरडली, "बाई, सांभाळा! साताऱ्याला काय सांगू मी, पोर गाडीनं गिळली म्हणून?" हसू आलं की हात लटपटतो. तरी नट हलला. पाव आटा, पुन्हा पाव आटा. तो माझ्या तळहातात पडला तेव्हा मला जो आनंद झाला, तसा डी.एड.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

जुना डबा निघाला, नवा बसला. चौथा नट पुन्हा मीच लावला. सिलिंडर जागेवर, नळी जागेवर, पिन जागेवर. सरांनी दगड काढला, इंजिन चालू केलं, गिअर टाकला. गाडी हलेना. इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. ब्रेक जणू कुणी आतून दाबूनच धरला होता.

सर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिले. मला वाटलं, आता ते रडतील. उद्या सकाळी नाशिक गाठायचं होतं आणि अंगणात ही गाडी, धड ना जाणारी.

वहिनीनंच विचारलं, या वेळी थट्टा न करता. "रफिक आणखी काय बोलला होता? आठवा. घाई नाय."

सरांनी डोकं वर केलं. "दांडी," ते म्हणाले. "नव्या डब्याची दांडी जुन्याशी जुळवून घ्या, बोलला होता. मी जुळवलीच नाय."

डब्यातून पायडलकडं एक लोखंडी दांडी येते. नव्याची दांडी थोडी लांब होती, म्हणून पायडल मोकळंच सुटत नव्हतं. पुन्हा सगळं सोडवलं. पुन्हा मी उलटी झाले. दोन्ही डबे ओट्यावर वहिनींच्या पायांशी शेजारी शेजारी ठेवून, एक डोळा मिटून, सरांनी दांडीचा नट फिरवत दोन्ही दांड्या सारख्या केल्या. "आणखी जरासा," वहिनी वाकून बघत म्हणाली. "आता बास. बास म्हटला ना!"

ऊन उतरायला लागलं तेव्हा गाडी पुन्हा जोडून झाली. परीक्षा रफिकनं शिकवली होती: इंजिन बंद असताना ब्रेक घट्ट होईपर्यंत दाबायचा, पाय तसाच ठेवायचा आणि इंजिन चालू करायचं. बूस्टर चांगला असेल तर पायडल पायाखाली आपोआप थोडं खाली जातं.

"मी दाबते," वहिनी म्हणाली.

"तुला झेपणार नाय."

"रगत माझा धुवायचा आहे. ब्रेक मीच दाबणार."

आम्ही दोघांनी तिला धरून चालकाच्या सीटवर बसवलं. तिचा पाय इतका सुजला होता की चप्पल जात नव्हती. अनवाणी पायानं तिनं ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. "आता दगडासारखा झाला." सरांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन धडधडलं आणि वहिनी किंचाळली, "आगं माझे आये! खाली गेला! मास्तर, आपला आपण खाली गेला!" आणि ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला तरी पाय काही तिनं काढला नाही. सर खिडकीत वाकून तिच्या त्या पायाकडं बघत होते. असं बघताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नाशिकला जाऊन आले. पुढचे कित्येक महिने जात-येत राहिले. गाडीनं कधी दगा दिला नाही. पण वहिनी हळूहळू विझत गेली. आल्यावर तिला दोन दिवस उठवत नसे. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं की पुन्हा निघायची वेळ. दुसऱ्या वर्षीच्या आषाढात तिनं सांगून टाकलं, आता नाही जायचं.

भिंतीपलीकडून मी त्यांचं भांडण ऐकलं. सरांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकत होते. "तू काय माला एकटा टाकून जास?" तिचा आवाज मात्र ऐकू आला नाही. सकाळी सर माझ्या दारात उभे राहिले. "बाई, तुमी बोला तिच्याशी. तुमचा ऐकंल ती."

मी गेले. वहिनी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती, हात चालावेत म्हणून. मी डॉक्टरांचं, सरांचं, माझं स्वतःचं, सगळ्यांचं म्हणणं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"बाई, जामसरला आता लावणी चालली असंल," ती म्हणाली. "चिखलात पाय घालून बायका गानी म्हणत असतील. आणि मी काय करते? दोन दिवस नाशिकच्या पलंगावर आणि बाकीचे या पलंगावर. मास्तर मला जगवतो आहे, खरा आहे. पण मंग मी जगते कवा?"

मी तिच्यासोबत तांदूळ निवडत बसले. बाहेर येऊन सरांना म्हटलं, "सर, मला नाही जमलं."

नाशिकची पाळी आली तशी त्यांनी नेहमीसारखी पहाटे गाडी पुसली, उशी ठेवली. वहिनीनंही वाद घातला नाही, थकली असेल. वाटेत धरायला कुणी असावं म्हणून मी मागं बसले. पाऊस बारीक लागला होता. मोखाड्याच्या नाक्यावर एक रस्ता त्र्यंबककडं, नाशिकला जातो, दुसरा जव्हारकडं. तिथं सरांनी गाडी थांबवली. इंजिन चालू. काच पुसणारी पाती इकडून तिकडं, तिकडून इकडं. मागून एसटीनं भोंगा वाजवला, वळसा घालून निघून गेली. सर समोर बघत होते.

मग त्यांनी गाडी जव्हारच्या रस्त्याला वळवली.

वहिनी जरा वेळानं म्हणाली, "मास्तर, नाशिक इकडं नाय."

"माहीत आहे माला," सर म्हणाले.

तिनं हात लांब केला आणि गिअरवरच्या त्यांच्या हातावर ठेवला. जामसरपर्यंत तो तिथंच होता. गिअर बदलताना दोन्ही हात मिळून बदलत होते.

घरापुढच्या पडवीत तिची खाट टाकली. समोर शेत. लावणीच्या बायका येता-जाता तिच्याजवळ बसत, चिखलानं भरलेल्या हातांनी तिची थट्टा करत, आणि ती परतफेड करी. रविवारी मी एसटीनं गेले तेव्हा ती मला शेवटचं बोलली ते हे, "बाई, मास्तरला भाकर येत नाय. भात येतो. भातावर राहील." दोन दिवसांनी ती गेली.

सर दिवस करून परत आले. शाळा सुरूच होती. पोरांना शिकवत, हजेरी घेत. भात रांधत आणि जेवत. आमच्या ओट्यावर मात्र आवाज उरला नाही. गाडी त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात लावली आणि त्यावर ताडपत्री टाकली. पोशेऱ्याला ते माझ्याबरोबर एसटीनं येऊ लागले.

माघात एका सकाळी सूर्यमाळकडची माणसं आली. एका पाड्यावरची पोरगी बाळंतपणात अडली होती. डोलीतून तिला रस्त्यापर्यंत आणलं होतं. जीप मिळत नव्हती. सरांची गाडी मागायला तिचा सासरा आला. सर दारात उभे राहून म्हणाले, "गाडीचा ब्रेक बरोबर नाय."

म्हातारा हात जोडून निघाला. मी माझ्या दारात होते. त्या ब्रेकचा चौथा नट माझ्या हातचा होता. सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही, आत जाऊन दार लावून घेतलं. म्हाताऱ्याला पुढं एक लाकडाचा ट्रकवाला भेटला, त्यानं पोरीला उचललं, ती दवाखान्यात पोचली, सुखरूप सुटली, हे आम्हाला दुपारी शाळेत कळलं. सरांनी ते ऐकलं आणि फळ्याकडं तोंड करून उभे राहिले. हातात खडू, पण लिहीत नव्हते.

संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले. "मी खोटा बोललो, बाई."

"हो, सर."

"ती सीट. तिथं कुणी बसलेला मला बघवणार नाय, म्हणून बोललो." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगी मेली असती तर?" आणि ते उठून आत गेले.

त्या पोरीला दवाखान्यातून घरी सोडणार होते त्या दिवशी सरांनी शाळेत रजेचा अर्ज टाकला. ताडपत्री काढली. गाडी सुरू व्हायला फार वेळ लागला. वहिनींची उशी त्यांनी काढून घरात नेली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत आणून ठेवली. दवाखान्यातून त्या पोरीला आणि तिच्या बाळाला घेऊन ते सूर्यमाळला गेले.

ते परत आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. त्यांनी इंजिन बंद केलं, दार उघडलं, पण उतरले नाहीत. मी चहा नेऊन दिला. त्यांनी कपबशी हातात घेतली. डोळे लाल होते.

"कसं झालं, सर?" मी विचारलं.

"पोर रडत होता," ते म्हणाले. "मोखाड्यापास्नं पार सूर्यमाळपर्यंत रडत होता. आईला लाज वाटायला लागली. मी तिला बोललो, रडू दे त्याला." त्यांनी शेजारच्या सीटकडं पाहिलं. उशीवर दुधाचा ओला डाग पडला होता. "गाडीत आवाज होता, बाई," ते म्हणाले, आणि चहा तसाच हातात धरून बसून राहिले.